पेढी आणि प्रपंच

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या ट्रस्टला ५० वर्षे पूर्ण होत असताना या व्यासपीठावरून बोलण्याची संधी मला दिलीत, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. धर्मतत्त्वांवर अधिकारवाणीने बोलावे असा माझा अभ्यास नाही. वाणिज्य शाखेची पदवी आणि कापडाच्या दुकानात घालवलेली चाळीसएक वर्षे एवढीच माझी शिदोरी. म्हणून रोजच्या व्यवहारातलाच विषय मी आज घेतला आहे. आपला व्यवसाय आणि आपले कुटुंब एकमेकांना कसे समृद्ध करतात, आणि त्या समृद्धीत आपल्याकडे काम करणाऱ्या माणसाचा वाटा किती, असा हा विषय आहे.

आपल्या समाजात पेढी आणि प्रपंच यांची फारकत पूर्वी नव्हतीच. पुढे दुकान, मागे माजघर, वर माडी अशी गावोगावच्या पेठेतील आपल्या घरांची रचना असे. मुलगा शाळेतून आला की दप्तर घरात टाकून दुकानात येऊन बसे. कापडाचा पन्हा कसा पाहावा, मीटरने मोजताना कापड ताणू नये, उधारीची नोंद त्याच दिवशी रोजकीर्दीत करावी, या गोष्टी त्याला कोणी वर्ग भरवून शिकवल्या नाहीत. उलट दिशेनेही ही देवाणघेवाण चाले. लग्नाचा बस्ता बांधायला पंधरा माणसे आली असता पहिली साडी कोणापुढे उलगडायची, मानपानाच्या साड्यांचा विषय वरमाईपाशी काढायचा की मामींपाशी, कोणाच्या नापसंतीकडे लक्ष द्यायचे आणि कोणाच्या नाही, हे ज्ञान वाणिज्य शाखेच्या कोणत्याही पुस्तकात मला आढळले नाही. ते आजी, आत्या, काकू यांनी भरलेल्या घरातच मिळते. अडचणीच्या हंगामात घरातील दागिन्यांनी पेढी सावरली आणि बरकतीच्या हंगामात पेढीने घरातील शिक्षणे, लग्ने, तीर्थयात्रा पार पाडल्या, हा तर आपल्यापैकी अनेकांच्या घराण्याचा इतिहास आहे.

व्यवस्थापनशास्त्राने या अनुभवाला पुढे शास्त्रीय रूप दिले. काम आणि कुटुंब यांचा विचार पूर्वी बहुधा संघर्षाच्या अंगाने होत असे. वेळ एकच आणि ओढणारे दोघे, असा तो विचार. २००६ मध्ये जेफ्री ग्रीनहाऊस आणि गॅरी पॉवेल या अमेरिकन अभ्यासकांनी दुसरी बाजू सविस्तर मांडली. एका भूमिकेत मिळवलेले कौशल्य, आत्मविश्वास, माणसांचे संबंध, वेळेची मोकळीक आणि पैसा ही साधने दुसऱ्या भूमिकेतील जीवनाची प्रत वाढवतात, तसेच एका ठिकाणची प्रसन्नता माणूस दुसऱ्या ठिकाणी बरोबर घेऊन जातो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना ते वाचून दाखवले असते तर त्यांना त्यात नवे काही वाटले नसते.

परंतु बंधू-भगिनींनो, वहीला जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू असतात. मी आतापर्यंत जे वर्णन केले ते मालकाच्या कुटुंबाचे सुख आहे. दुपारी माडीवर जाऊन गरम जेवण घेता येते ते मालकाला. मुलाच्या शाळेतील कार्यक्रमासाठी तासभर गादीवरून उठता येते तेही मालकालाच. गल्ल्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाचा हिशेब निराळा आहे, तो एकदा मांडून पाहू.

दुकान सकाळी साडेनऊला उघडते आणि रात्री साडेनऊला बंद होते. हे १२ तास झाले. जाण्यायेण्याचा १ तास आणि झोपेचे ७ तास धरले तर २० तास होतात. उरले ४. त्यांत स्नान, जेवण, दळण, औषधपाणी, आईवडिलांची विचारपूस आणि मुलांचा अभ्यास. सकाळची घाई सोडली तर तो घरी पोहोचतो तेव्हा मुले झोपायला गेलेली असतात. दिवसभर तो गिऱ्हाइकांच्या मुलांना सदरे आणि फ्रॉक दाखवतो. स्वतःच्या मुलांशी निवांत बोलण्यासाठी मात्र त्याला साप्ताहिक सुट्टीची वाट पाहावी लागते. आपल्यापैकी ज्यांचा चौविहाराचा नियम आहे ते सूर्यास्तापूर्वी घरी जाऊन जेवून येतात, किंवा त्यांचा डबा वेळेवर दुकानात येतो. नियम उत्तमच आहे. पण त्याच संध्याकाळी आपला सहकारी दुपारी एकला खाल्लेल्या भाकरीवर रात्री दहापर्यंत उभा असतो, याची नोंद आपण कोणत्या वहीत करतो?

हा प्रश्न केवळ व्यवहाराचा नाही, श्रावकाचाराचा आहे. तत्त्वार्थसूत्र हा सर्व जैन संप्रदायांना मान्य असलेला ग्रंथ. त्याच्या सातव्या अध्यायात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पहिले तीन आपण सहज टाळतो. आपण कोणाला बांधत नाही, मारत नाही. चौथा आणि पाचवा मात्र दुकानदाराच्या अगदी जवळचे आहेत. पेलवेल त्याहून अधिक भार लादणे आणि वेळेवर अन्नपाणी मिळू न देणे हे दोन्ही हिंसेच्या यादीत आहेत. भाजी चिरताना जीवजंतू पाहणाऱ्या, पाणी गाळून पिणाऱ्या आपण लोकांनी या दोन शब्दांपाशी थोडे थांबावयास हवे.

समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात याहून पुढचे पाऊल टाकले आहे. अतिभारारोपण त्यांनी अहिंसेच्या अतिचारांत घेतलेच. शिवाय परिग्रह-परिमाण व्रताचे अतिचार सांगताना त्यांनी अतिवाहन आणि अतिभारवहन हे दोन्ही घातले. टीकाकारांनी अतिवाहनाचा अर्थ असा दिला आहे की, बैल वगैरे जेवढी वाट सुखाने चालू शकतात त्याहून पुढे त्यांना लोभाने हाकणे. म्हणजे जो दोष अहिंसेच्या बाजूने क्रौर्य ठरतो, तोच अपरिग्रहाच्या बाजूने लोभ ठरतो. ज्याला आपण आज ‘ओव्हरटाइम’ म्हणतो, त्यासाठी आपल्या आचार्यांकडे अनेक शतकांपूर्वीच शब्द होता. तेव्हा भार बैलगाडीवर असे, आज तो माणसाच्या दिवसावर असतो. आणि दिवसावर टाकलेला भार एकट्या माणसावर पडत नाही, तो त्याच्या घरावर पडतो. त्याच्या पत्नीने एकटीने केलेली मुलांची आजारपणे, म्हाताऱ्या वडिलांची पुढे ढकललेली तपासणी, हा सर्व त्या भाराचाच भाग आहे.

श्वेतांबर आगमांतील उपासकदशांग सूत्रात सद्दालपुत्र या कुंभाराची कथा येते. पोलासपूर नगराबाहेर त्याची भांड्यांची ५०० दुकाने होती, आणि तेथे राबणाऱ्या माणसांना वेतन व भोजन दिले जाई, असा उल्लेख सूत्रकारांनी आवर्जून केला आहे. सद्दालपुत्र नियतिवादी होता. जे घडते ते पुरुषार्थाविना घडते, असे तो मानी. भगवान महावीरांनी त्याला तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत अडकवले नाही. ही भांडी प्रयत्नाने झाली की प्रयत्नाविना, असे त्यांनी विचारले; आणि कोणी तुझी भांडी पळवली किंवा तुझ्या पत्नीशी दुर्वर्तन केले तर तू काय करशील, असेही विचारले. अशा माणसाला मी शासन करीन, असे उत्तर देताच त्याचा नियतिवाद संपला. मला या प्रसंगात एक गोष्ट विशेष वाटते. भगवंतांनी त्याची पेढी आणि त्याचा प्रपंच एकाच श्वासात समोर ठेवले, कारण गृहस्थाचा पुरुषार्थ या दोन्ही ठिकाणी मिळूनच कळतो.

आता आपल्याच कापडधंद्याच्या इतिहासातील एक उदाहरण पाहू. अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई हे जैन घराण्यातले. त्यांची थोरली बहीण अनसूयाबेन. सलग ३६ तास काम करून परतणाऱ्या गिरणी कामगार स्त्रिया अनसूयाबेननी पाहिल्या आणि त्यांचे आयुष्यच बदलले. त्यांनी आधी कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढली, लहानग्यांच्या सांभाळाची सोय केली. म्हणजे कामगाराच्या घरापासून त्यांनी आरंभ केला. पुढे १९१८ मध्ये प्लेगच्या बोनसवरून संघर्ष पेटला, तेव्हा भाऊ मालकांच्या बाजूला आणि बहीण कामगारांच्या बाजूला उभी राहिली. मालक २० टक्क्यांवर अडले होते, कामगार ३५ टक्के मागत होते. गांधीजींनी उपोषण केले, प्रकरण लवादाकडे गेले आणि अखेर ३५ टक्क्यांचा निवाडा झाला. १९२० मध्ये मजूर महाजन संघ स्थापन झाला. मालकाच्याच घरातील एका व्यक्तीने कामगाराच्या घराकडे पाहिले, आणि त्या पाहण्यातून एका शहराच्या उद्योगाची रीत बदलली. आपल्या घरांतील भगिनींनी दुकानातील माणसांच्या घरी कधी डोकावले तर त्यांना काय दिसेल, हा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा.

मोठ्या गिरण्यांचे राहू द्या. आपल्या दुकानांतील एक साधा बदल पाहू. पूर्वीचे कापड दुकान गादी-तक्क्याचे होते. शेठजी बसलेले, गुमास्ता बसलेला आणि गिऱ्हाईकही बसलेले. ताका उलगडला जाई तो बसल्या जागी. नंतर काचेची कपाटे आली, काउंटर आले, दुकान झगमगीत झाले; आणि विक्री करणारा माणूस उभा राहिला तो उभाच राहिला. केरळमध्ये कापड दुकानांतील विक्रेत्या स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी आंदोलन केले आणि २०१८ मध्ये तेथील दुकानविषयक कायदा बदलला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तशीच दुरुस्ती केली. खुर्चीसाठी कायदा करावा लागला, तोही आपल्याच व्यवसायामुळे, ही गोष्ट आपण मनावर घ्यावी. पाय सुजवून घरी गेलेली माता मुलाला जवळ घेण्यापूर्वी पाय गरम पाण्यात बुडवून बसते. दुकानातल्या एका खुर्चीचा परिणाम तिच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो, तो असा.

आपल्या राज्यातही कायदा आहे. १९४८ चा जुना दुकाने व आस्थापना कायदा जाऊन २०१७ मध्ये नवा आला. त्याने १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास आणि साप्ताहिक सुट्टी अशी मर्यादा घातली. त्याहून लहान दुकानांना बहुतेक तरतुदींतून वगळले. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दैनिक तासांची मर्यादा ९ वरून १० वर आणि कामगारांची संख्या १० वरून २० वर नेण्यास मान्यता दिली. मी कायद्यावर टीका करीत नाही. सरकारला अनेक बाजू पाहाव्या लागतात. मला एवढेच सांगावयाचे आहे की कायद्याची रेघ पुढेमागे होते, अतिचाराची होत नाही. आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या दुकानांत चार ते आठ माणसे आहेत. म्हणजे जेथे कायदा फारसा पोहोचत नाही तेथेच आपण उभे आहोत. तेथे व्रतानेच पोहोचले पाहिजे.

येथे एका लाडक्या शब्दाविषयी स्पष्ट बोलण्याची परवानगी असावी. ‘आमच्याकडे नोकर नाहीत, सगळी घरचीच माणसे आहेत,’ असे आपण अभिमानाने म्हणतो. भावना खरी असते. परंतु हा ‘घरचा माणूस’ रविवारी माल उतरवून घेताना आठवतो आणि पगार ठरवताना विसरला जातो, असे होऊ नये. घरच्या माणसाचा मुलगा कितवीत आहे हे आपल्याला ठाऊक असते. त्याच्या घरी आजारपण आले तर रजा मागावी लागत नाही. उलटपक्षी, घरचा म्हणून त्याच्या खासगी गोष्टींत ढवळाढवळ करण्याचा अधिकारही आपल्याला मिळत नाही. ठरलेले वेतन, ठरलेली वेळ आणि ठरलेली सुट्टी एवढे चोख दिल्यानंतरच ‘घरचा’ हा शब्द शोभतो.

घराला दिलेला वेळ दुकानाला परत मिळतो का, असे कोणी विचारील. मी दोन अनुभव सांगतो. आमच्याकडे साड्यांच्या विभागात असलेल्या एका भगिनीने मुलाच्या दहावीच्या परीक्षेसाठी तीन आठवडे सकाळी दीड तास उशिरा येण्याची परवानगी मागितली. ती दिली. तिचे सकाळचे काम इतर तिघांनी वाटून घेतले. पुढे त्या तिघांच्याही घरी जेव्हा तशी वेळ आली, तेव्हा मला काही सांगावे लागले नाही. त्यांनी आपापसांत व्यवस्था लावली. न कळवता गैरहजर राहण्याचे प्रमाण तेव्हापासून जवळजवळ संपले. दुसरा अनुभव एका जुन्या सहकाऱ्याचा. दुकानाची रोजकीर्द लिहिता लिहिता त्याने घरखर्चाचीही वही घातली. पगारातील किती भाग सावकाराच्या व्याजात जातो, हे त्याला प्रथमच आकड्यांत दिसले, आणि दोन वर्षांत ते कर्ज फिटले. मनावरचे ते ओझे उतरलेला माणूस गिऱ्हाइकाशी कसा बोलू लागतो, हे मी रोज पाहिले आहे. पहिल्या उदाहरणात घराने दुकानाला दिले, दुसऱ्यात दुकानाने घराला.

आक्षेप मला ठाऊक आहेत. मॉल रात्री उशिरापर्यंत उघडे असतात, मोबाइलवरचे दुकान चोवीस तास चालू असते. आपण लवकर शटर ओढले तर गिऱ्हाईक जाईल. भीती खोटी नाही. पण चोवीस तासांच्या दुकानाशी आपण तासांची स्पर्धा कधीच जिंकणार नाही. त्याच्याकडे नाही आणि आपल्याकडे आहे असे एकच भांडवल उरते, ते म्हणजे काउंटरवरचा जाणता माणूस. मोबाइलवर साडीचा रंग दिसतो, पोत हाताला लागत नाही. आणि ‘ताई, मागच्या वेळी थोरलीला घेतलेल्या शालूबरोबर हा रंग जाईल,’ असे तो मोबाइल सांगत नाही. असा माणूस घडायला दहा वर्षे लागतात आणि तो निघून जायला एक पहिली तारीख पुरते. आणि आपली मुले दुकानात का येत नाहीत, पुण्या-बंगळुरूच्या नोकऱ्या त्यांना का बऱ्या वाटतात, याचेही एक उत्तर येथेच आहे. त्यांनीही लहानपणी बाप रात्री दहालाच पाहिला आहे.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने काही सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली, दुकाने बंद करण्याची वेळ सर्वांनी मिळून ठरवावी. एकट्याने साडेनऊऐवजी आठला बंद करणे अवघड आहे. संपूर्ण पेठेने केले तर गिऱ्हाईक आपली वेळ बदलते. दीड तास रोज, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे ९ तास. २०१७ च्या कायद्यातला कामाचा एक पूर्ण दिवस आपण दर आठवड्याला एका कुटुंबाला परत करू.

दुसरी, प्रत्येक काउंटरमागे बसण्याची सोय आणि संध्याकाळी खाण्यासाठी पंधरा मिनिटांची हक्काची सुट्टी असावी. आपल्या डब्याबरोबर सहकाऱ्यांच्या पोटाचीही आठवण व्हावी.

तिसरी, पर्युषण आणि दशलक्षण पर्वात आपण प्रवचनाला, प्रतिक्रमणाला, पूजेला जातो, तेव्हा आपल्या वाटचे काम सहकाऱ्यांवर पडते. त्या दिवसांत दुकानाची वेळच कमी करावी. आपली आराधना दुसऱ्याच्या अतिभारावर उभी राहू नये.

चौथी, दिवाळी आपल्यासाठी भगवंतांच्या निर्वाणकल्याणकाचा दिवस आणि व्यापाराचा हंगामही. बोनस धनत्रयोदशीच्या रात्री हातात ठेवण्यापेक्षा निदान दहा दिवस आधी द्यावा, आणि प्रत्येकाला पाळीपाळीने एक दिवस सुट्टी द्यावी, म्हणजे सर्व गावाला कपडे दाखवणाऱ्याच्या मुलांची खरेदी शेवटी उरणार नाही. भाऊबीजेला दुकान बंद ठेवावे.

पाचवी सूचना विश्वस्त मंडळाला. ट्रस्टची शिष्यवृत्ती आणि वैद्यकीय साहाय्य आपल्या पेढ्यांवर काम करणाऱ्यांच्या कुटुंबांनाही, जातिधर्म न पाहता, खुले करावे. आपल्या देणग्यांत त्यांच्या श्रमाचा अंश आहेच.

यांतील काही सूचनांना खर्च आहे, काहींना केवळ निश्चय लागतो. येत्या पर्युषणापूर्वी व्यापारी बंधूंची एक बैठक ट्रस्टच्या सभागृहात व्हावी आणि निदान पहिल्या सूचनेचा निर्णय त्या बैठकीत व्हावा, अशी माझी विनंती आहे. त्या बैठकीला प्रत्येक दुकानातील एका सहकाऱ्यालाही बोलवावे. वेळ त्याच्या घराची आहे. ती ठरवताना तो समोर असलेला बरा.